चौतीस वजनं आणि एक एमआरआय

अहवाल एका पानाचा होता. मोठ्या मेंदूचे दोन्ही भाग, आतल्या पोकळ्या, लहान मेंदू, मेंदूचा देठ. प्रत्येकाला एक ओळ दिलेली आणि प्रत्येक ओळीचा अर्थ एकच, की दोष आढळला नाही. खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष होता: मेंदूचा एमआरआय नॉर्मल.

सोलापूरच्या एका स्कॅन सेंटरमधल्या बाकावर बसून माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, ते पान माझ्या हातातून घेतलं. उलटं करून मागं काही लिहिलंय का, ते पाहिलं.

“म्हंजे काहीच न्हाय निघालं?”

“नाही.”

“नीट बघितलं का त्येंनी?”

शेजारी तिचे यजमान, आमचे दाजी, बसले होते. ते म्हणाले, “काही निघालं न्हाय म्हणून रडनारी बाई म्या पयल्यांदा बघितली.”

रडण्याला कारण होतं. अक्का नळदुर्गजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. तालुक्याच्या कार्यालयातून तिला नोटीस आली होती. बालकांचं मासिक वजन एका दिवसात होणं अपेक्षित असताना आपल्या केंद्रात ते पाच दिवस चालतं, नोंदी वेळेत होत नाहीत, पालकांच्या तक्रारी आहेत. वैद्यकीय कारण असल्यास पंधरा दिवसांत पुरावा सादर करावा. नसल्यास जाणूनबुजून केलेली दिरंगाई समजून सेवेतून कमी करण्याची कारवाई केली जाईल. त्या दिवशी दहावा दिवस होता. मेंदूत काही निघालं असतं तर तिची नोकरी वाचणार होती.

त्याआधीचं क्रमानं सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात अक्काकडून एक चूक झाली. चौदा महिन्यांच्या एका मुलीचं वजन सात किलो शंभर ग्रॅम भरलं होतं. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर नोंदवताना सातच्या जागी नऊ पडले. अ‍ॅपनं मुलीला हिरव्या रंगात टाकलं, म्हणजे प्रकृती चांगली. पुढच्या महिन्यात आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. मुलीला जादा आहार सुरू झाला आणि दोन-अडीच महिन्यांत ती सावरली. पर्यवेक्षिका, म्हणजे आठ-दहा गावांच्या अंगणवाड्या बघणाऱ्या मॅडम, एवढंच म्हणाल्या, “होतं असं. पुढं लक्ष ठेवा.”

अक्कानं लक्ष ठेवलं. पहिल्या महिन्यात ती प्रत्येक मूल दोनदा काट्यावर ठेवू लागली. नंतर चारदा. काटा डिजिटल आहे. मूल हात-पाय हलवतं तेव्हा शेवटचा आकडा स्थिर राहत नाही. आठ-चार, आठ-पाच, पुन्हा आठ-चार असा खेळत राहतो. पूर्वी ती मूल शांत होईपर्यंत थांबायची आणि लिहायची. आता लिहिलेलं तिला पटत नव्हतं. लिहायची, वही मिटायची, उघडायची, मुलाला परत बोलवायची. घरी गेलेल्या मुलालासुद्धा मदतनीस बाईला पाठवून बोलवायची. चौतीस मुलं. पाच दिवस.

गाव गप्प बसणारं नाही. एक आजी नातवाला कडेवर घेऊन दाराशी उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, “आवं बाई, हे पोरगं हाय का मेथीची जुडी? सकाळपास्नं सातव्यांदा काट्यावर ठिवलं. ठिवून ठिवूनच वाळायलंय ते.” बाकीच्या बाया हसल्या. अक्काही हसली आणि म्हणाली, “आजी, येकदाच आजून. शेवटचं.” ती आठवी खेप होती, हे मदतनीस बाईनं मला नंतर सांगितलं. तिनं मोजलं होतं.

या प्रकरणात माझाही हात होता. बावीस वर्षं मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम केलं, आता उमरग्यात राहतो. डेस्कवर एक पद्धत असते. निकालाचं किंवा बाजारभावाचं पान छपाईला सोडण्याआधी आकडे दोघांनी ताडायचे. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं पानावर बोट ठेवून ‘बरोबर’ म्हणायचं. ही पद्धत मी अक्काला सुचवली. ती वहीचा फोटो मला पाठवायची आणि संध्याकाळी सहाला फोनवर अ‍ॅपमधले आकडे वाचायची. मी फोटोवर बोट ठेवून ‘बरोबर’ म्हणायचो. पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागली. तिसऱ्या महिन्यात चाळीस लागत होती, कारण एक यादी ती तीनदा वाचायची. मला वाटत होतं, मी मदत करतोय. चूक एकही सापडली नाही, याचं मला समाधानही होतं.

नोटीस आली तेव्हा पर्यवेक्षिका स्वतः घरी आल्या. त्यांना अक्काबद्दल आस्था होती, हे नोंदवायला हवं. चहा घेत त्या म्हणाल्या, “ताई, तोंडी सांगितलेलं वर चालत नाही. डोक्याचा फोटो काढून आणा. फोटोत काय असेल ते दिसलं की विषय संपला.”

दाजींना ते पटलं. “म्या कवापास्नं म्हनायलोय, डोक्यात कायतरी अडकलंय. काढल्याबिगर कळनार कसं?”

मलाही पटलं. आकड्याचा माणूस आकड्यावर विश्वास ठेवतो, तसा यंत्रावरही ठेवतो.

पहिली तपासणी उमरग्याच्या एका दवाखान्यात झाली, ईईजी. आदल्या दिवसापासून डोक्याला तेल लावायचं नाही, असं सांगितलं होतं. अक्काच्या केसांत बोटं घालून तंत्रज्ञ मुलीनं चिकट लेपानं वीस-बावीस वायरी डोक्यावर चिकटवल्या. डोळे मिटा, उघडा, दीर्घ श्वास घ्या, हा दिवा बघा. संगणकाच्या पडद्यावर एकाखाली एक रेषा थरथरत पुढं सरकत होत्या. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या फार बारीक झटक्यांनी बोलतात. लाखो पेशी एका तालात बोलल्या तर त्याचा अंश कवटीबाहेर पोचतो आणि वायरी तो टिपतात. कधी काय घडलं, ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत कळतं. नेमकं कुठं घडलं, ते नीट कळत नाही. फिट येणाऱ्यांसाठी आणि झोपेच्या काही तक्रारींसाठी ही तपासणी उपयोगी आहे. डॉक्टरांनी कागद चाळून सांगितलं, “फिटचं काही नाही.” अक्काला फिट कधी आलीच नव्हती. ही तपासणी का लिहून दिली, असं मी विचारलं. ते म्हणाले, “सुरुवात कुठून तरी करायची ना.”

मग सोलापूर.

एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही. मंगळसूत्र निघालं, बांगड्या निघाल्या, केसातल्या पिना निघाल्या. जोडवी निघेनात. नर्सनं साबण आणला. दाजी दुसरीकडे बघत उभे राहिले. लग्नापासून ती बोटांत होती आणि बोटं आता जाड झाली होती. अर्धा तास त्यातच गेला.

बाहेर तंत्रज्ञ तरुणाला दाजींनी विचारलं, “सिटी स्कॅन अन् हे येकच का वो?”

“नाही काका. सिटी म्हणजे एक्स-रेच, पण डोक्याभोवती गोल फिरून काढलेला. एकेक काप दिसतो. हाड मोडलं, आत ताजं रक्त सांडलं, की आम्ही आधी सिटी करतो, पाच मिनिटांत होतो. हा चुंबक आहे. आपल्या अंगात पाणी असतं ना, त्या पाण्यातले कण या चुंबकात एका दिशेनं रांगेत उभे राहतात. मग रेडिओच्या लहरींनी त्यांना ढकलायचं. ते परत जागेवर येताना बारीक सिग्नल देतात. कुठल्या भागातून कसा सिग्नल आला, त्यावरून संगणक चित्र बनवतो.”

“म्हंजे पान्याचा फोटो.”

“असंच म्हणा.”

“अन् इचार दिसत्यात का त्यात?”

तरुण हसला. “विचार दिसले असते तर माझी बायको पहिली आली असती मला घेऊन.”

दाजी मनापासून हसले. मी ते उत्तर तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

पंचवीस मिनिटं आतून ठोकल्यासारखे आवाज येत राहिले. अक्का बाहेर आली, कानांतला कापूस काढला आणि तंत्रज्ञाला म्हणाली, “माजं डोस्कं हललं तर न्हाय ना?”

“नाही मावशी. चित्र स्वच्छ आलंय.”

“मदी येकदा खोकला आल्यावानी झालता.”

“तरी चांगलं आलंय.”

“येकदा बघा की परत. न्हायतर परत काढा. मी थांबते.”

त्यानं पुन्हा पडद्यावर पाहिलं आणि ठीक आहे म्हणाला. ती दारापर्यंत गेली आणि परतली. “त्या खोकल्याच्या वक्ताचं बघितलं का?” हे चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्याचा आवाज चढला. जो आजार शोधायला आम्ही इतक्या लांब आलो होतो, तो यंत्राच्या दारात उभा राहून बोलत होता. त्याची नोंद घेण्याची सोय अहवालात नव्हती.

परतताना नळदुर्गच्या अलीकडे एका धाब्यावर चहाला थांबलो. मग अक्का बशीकडे बघत म्हणाली, “येवढीशी गाठ निघाली आसती तर बरं झालं आसतं.”

दाजींनी कप खाली ठेवला. “तोंड आवर. गाठ निघाली न्हाय ह्ये देवाचं उपकार मान. डोक्यात काय न्हाय ना? मग उद्यापास्नं सरळ काम करायचं. येकदा वजन करायचं, लिहायचं, घरी यायचं. काय अवघड हाय त्यात?”

“काही न्हाय,” अक्का म्हणाली. “त्येच तर.”

अहवाल कार्यालयात दिला. चार दिवसांनी पर्यवेक्षिकेचा फोन आला. आवाजात अवघडलेपण होतं. “साहेब म्हणतात, नॉर्मल म्हणजे आजार नाही. आजार नाही म्हणजे मुद्दाम चाललंय.” ज्या कागदावर नोकरी वाचणार होती, तोच कागद आता तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून फाइलला लागला होता. तो आम्हीच आमच्या हातानं नेऊन दिला होता. सुनावणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं, हे मला तेव्हा सुचलं. उशिरा सुचलं, याचा राग अजून आहे. दाजी तयार नव्हते. “येड्याच्या डाक्तरकडं नेलं म्हंजे गावात झालंच मग.” आम्ही ‘डोकेदुखीचे डॉक्टर’ असं सांगून निघालो. पुन्हा सोलापूर. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या लिहून दिल्या, सहा-आठ आठवडे धीर धरा म्हणाले आणि शेजारच्या खोलीत मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं.

मी फिल्मचा लिफाफा टेबलावर ठेवला. बाईंनी अहवालाची शेवटची ओळ वाचली आणि लिफाफा बाजूला सरकवला. मला ते आवडलं नाही. मी म्हणालो, “एवढा आजार आहे, तर तो यात दिसत का नाही?”

“एमआरआय मेंदूची बांधणी दाखवतो. यांची बांधणी ठीक आहे.”

“मग चालू मेंदू दाखवणारी यंत्रं असतात ना? आमच्या पेपरात यायची ती चित्रं. लाल-पिवळे डाग असलेली.”

“असतात. त्याच चुंबकाचा वेगळा वापर. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडं प्राणवायू असलेलं रक्त जास्त जातं. प्राणवायू असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त चुंबकात वेगळं वागतं, तो फरक मोजायचा. पण विचार क्षणात होऊन जातो आणि रक्त चार-सहा सेकंदांनी पोचतं. म्हणजे आपण विचार बघत नाही, विचारामागून आलेलं रक्त बघतो. आणि ते रंग मेंदूत नसतात. ते संगणक भरतो, आकडा मोठा तिथं लाल.”

ते रंगीत फोटो मी पानावर तीन कॉलममध्ये लावले होते. खाली ‘भीती मेंदूत इथे असते’ अशा ओळी लिहिल्या होत्या. ते मी त्यांना सांगितलं नाही.

“दुसरं पेट स्कॅन,” त्या पुढं म्हणाल्या. “शिरेतून थोडी किरणोत्सारी खूण लावलेली साखर सोडायची. ज्या पेशी जास्त साखर खातात, त्या भागात ती खूण जास्त जमते. कर्करोगात त्याचा मोठा उपयोग, स्मृती जाण्याच्या काही आजारांतही होतो. यांना कशाला?”

“म्हणजे यातलं एकही यंत्र हा आजार दाखवू शकत नाही?”

“असा आजार असलेली बरीच माणसं आणि नसलेली बरीच माणसं घ्या, दोन्ही गटांची सरासरी काढा. कपाळामागचा एक भाग आणि खोल आतले दोन-तीन भाग यांच्या कामात फरक दिसतो. संशोधकांना त्यातून पुष्कळ कळलंय. पण तो फरक सरासरीतला. एकट्या माणसाचा स्कॅन बघून त्याला हा आजार आहे की नाही, ते ठरवता येत नाही.”

मी वाद घालणार होतो. तोवर गप्प बसलेली अक्का बोलली. “बरोबर हाय की. गावातल्या पोरांचं सरासरी वजन मला पाठ हाय. म्हणून म्होरचं पोरगं काट्यावर न ठिवता त्येचं वजन लिहिता येतंय व्हय?”

बाई तिच्याकडे वळल्या. “हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत.”

“मग या सगळ्याचा उपयोग काय?” माझ्या आवाजात चीड होती आणि ती लपली नाही.

“गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढं कळलं. तेवढंच त्याला विचारायला हवं होतं. बाकीचं यांना विचारायचं.”

त्यांनी ते विचारलं. सव्वा तास. कधीपासून, किती वेळा, न तपासता राहिलं तर काय होईल असं वाटतं, आणखी कुठं असं होतं. अक्कानं आम्हाला कधी न सांगितलेलं सांगितलं. गॅसची कळ ती निजण्याआधी अकरा वेळा बघते. अकराच. बारावी झाली तर परत पहिल्यापासून. आणि प्रत्येक वजनानंतर तिला ती चौदा महिन्यांची मुलगी मेलेली दिसते. मुलगी आता अंगणवाडीत पळते, हे तिला ठाऊक आहे. तरी दिसते.

दाजी खुर्चीत पुढं झुकले. “ह्ये मला कवा बोलली न्हाईस.”

“कसं बोलू? लेकराचं मरान तोंडानं काढायचं?”

ओसीडी या आजाराला मराठीत नाव आहे, मंत्रचळ. आमच्या गावात तो शब्द टिंगलीला वापरतात. उपचार गोळ्यांबरोबर सरावाचा होता. एकदा वजन, एकदा नोंद, वही बंद. मग जी भीती वर येईल ती येऊ द्यायची, तपासून शांत करायची नाही. ती आपोआप उतरते, हे मेंदूला पुन्हा पुन्हा अनुभवू द्यायचं.

“आणि खात्री कोण देतं तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

अक्कानं हनुवटीनं माझ्याकडे खूण केली.

मी ताडण्याची पद्धत समजावून सांगितली. थोड्या अभिमानानंच सांगितली असेल. बाईंनी अक्काला विचारलं, “ते ‘बरोबर’ म्हणाले की किती वेळ बरं वाटतं?”

“भाकरी थापूस्तवर.”

“मग ते आजपासून बंद,” त्या मला म्हणाल्या. “तुम्ही आजाराला रोज चाळीस मिनिटं जेवायला घालताय.”

त्या दिवशी घरी येताना मला यंत्राचा राग आला, कार्यालयाचा आला, त्या बाईंचाही आला. बावीस वर्षं जे बरोबर होतं ते एका वाक्यात चूक ठरलं होतं.

सहाला फोन वाजला. “वाचू का?”

“नाही.”

“सतरा नंबरचं तेवढं.”

“नाही, अक्का.”

“आरं, येक आकडा सांगायला तुजं काय जातंय? पेपरात जगाचं तपासलास, बहिनीचं न्हाय तपासवत तुला?” तिनं फोन ठेवला. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी नुसता वहीचा फोटो पाठवला, शब्द नाही. मी तो उघडला. अ‍ॅपमधल्या यादीचा फोटोही सोबत होता. मी दोन्हींवर बोट ठेवून चौतीसच्या चौतीस आकडे ताडले. सगळे बरोबर होते. हे तिला सांगायचं नव्हतं, तर मी ताडले कशाला? पुढच्या भेटीत मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी फोटो पुसायला लावले.

सुनावणीला अक्का, दाजी आणि मी. अधिकाऱ्यांनी मानसोपचारतज्ज्ञांचं प्रमाणपत्र वाचलं, उलटून बघितलं.

“यात मशीनचा रिपोर्ट कुठंय?”

“तो तुमच्याकडे आधीच आहे. नॉर्मल आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे आजार नाही.”

“आजार आहे. तो मशीनमध्ये दिसत नाही.”

“दिसत नाही, तर आहे कशावरून?”

“तज्ज्ञांनी तपासून लिहून दिलंय.”

“तपासून म्हणजे विचारून. विचारल्यावर कुणीही काहीही सांगेल.”

“साहेब, तुमचं कधी डोकं दुखतं का? त्याचा फोटो निघतो?”

“दुखतं. पण म्हणून मी एक सही पाच दिवस करत बसत नाही.” बाजूचा लिपिक हसला. अधिकारी मला म्हणाले, “तुम्ही पेपरवाले ना? पुराव्याशिवाय छापता का?”

मी बावीस वर्षं जे छापलं त्यातलं बहुतेक माणसांना विचारूनच छापलं होतं, हे जिना उतरताना सुचलं.

शेवटी पर्यवेक्षिकाच बोलल्या. पुढची दोन मासिक वजनं आपण समोर बसून बघतो, मग ठरवा, असं त्यांनी सुचवलं. अधिकाऱ्यांनी मान्य केलं. आमच्या सव्वा तासाच्या तपासणीवर त्यांनी सव्वा मिनिट घालवलं नव्हतं.

पहिलं वजन दोन दिवस चाललं. बावीस मुलं पहिल्या दिवशी झाली, त्यातली निम्मी दोनदा. पर्यवेक्षिकेनं तसंच लिहिलं. त्या रात्रीचं अक्कानं मला नंतर सांगितलं. गॅसची कळ बघायला ती उठली तेव्हा दाजी दारात उभे राहिले आणि म्हणाले, “आज म्या बंद केलाय. बरोबर केलाय का न्हाय, ते सांगनार न्हाय.” बाईंनी सांगितलेलं त्यांना माझ्याआधी समजलं होतं.

दुसरं वजन सकाळी नऊला सुरू झालं. मी तिथं नव्हतो. मदतनीस बाईनं सांगितलं ते लिहितो. तीन मुलं दोनदा झाली, बाकी एकदाच. दुपारी एका तान्ह्या मुलाच्या वेळी काट्यावरचा शेवटचा आकडा नाचत राहिला. पर्यवेक्षिका खुर्चीतून वाकून म्हणाल्या, “परत ठेवा बरं, बघू.” अक्काच्या कपाळावर घाम होता. “न्हाय मॅडम. येकदाच.” तिनं लिहिलं आणि वही मिटली. पावणेचारला काम संपलं.

आदेश तीन आठवड्यांनी आला. एका परिच्छेदाचा होता. मेंदूचा एमआरआय अहवाल सामान्य असल्यानं आणि प्रत्यक्ष पाहणीत कामकाज समाधानकारक आढळल्यानं सेविकेला कामावर कायम ठेवण्यात येत आहे. मानसोपचारतज्ज्ञांच्या प्रमाणपत्राचा उल्लेख नव्हता. गोळ्यांचा, सरावाचा, त्या भीतीचा कुठंच पत्ता नव्हता. त्याच कागदानं आधी ती कामचुकार ठरली होती, आता त्याच कागदानं सक्षम ठरली. मी दुरुस्तीचं पत्र लिहायला बसलो आणि मसुदा अक्काला फोनवर वाचून दाखवला.

“कशापायी?” ती म्हणाली. “नोकरी ऱ्हायली न्हवं?”

“चुकीच्या कारणानं राहिली.”

“ऱ्हायली तर.”

मी पत्र पाठवलं नाही. पाठवायला हवं होतं, असं अजून वाटतं; कारण पुढच्या सेविकेकडेही ते डोक्याचा फोटोच मागणार आहेत. दाजी तर आता सरळ सांगतात, “फोटू काढला म्हणून वाचली बघा.” शेजारच्या घरातली सून चार महिन्यांपासून कुणाशी बोलत नाही. तिच्या सासऱ्याला दाजींनी सोलापूरच्या त्या स्कॅन सेंटरचा पत्ता दिला. मी मानसशास्त्रज्ञ बाईंचा दिला. ते आधी फोटो काढणार आहेत.

अक्काच्या गोळ्या चालू आहेत. कळ ती आता तीनदा बघते, काही दिवशी एकदा. या महिन्याचं वजन झाल्यावर तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग ती मुद्द्यावर आली.

“येका पोराचं वजन चुकलंय आसं वाटायलंय मला.”

“कुणाचं?”

“सांगनार न्हाय,” ती म्हणाली. “तू ताडशील.”